शेवट आकाशातून पडला म्हणे! कथेत चाहूल पेरायची तरी कशी?

तेरणाकाठ (रविवार, रात्री ९:४०)

कथा परत आली. कुठल्या दिवाळी अंकाकडून ते सांगत नाही. त्यांनी वाचून चार ओळी तरी लिहिल्या, हल्ली तेवढंही कोणी करत नाही. पण त्यातली एक ओळ तीन दिवस कुसासारखी रुतून बसलीय: शेवट आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

कथा अशी. लातूर, २०१६चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं, नळाला पाणी यायचं हे पोरं विसरलेली, पाणी भरायच्या जागी जमावबंदी. गल्लीत गोदामावशी नावाची साठीची बाई, एकटीच राहते, पापड-शेवया करून देते. दारात दोनशे लिटरचं टिपाड. झाकणाला भोक पाडून साखळी घातलेली, साखळीला कुलूप, किल्ली कनवटीला. कोणाला घागर दिली की भिंतीवर त्याच्या नावानं खडूची रेघ. शेजारची इंदू एक घागर परत द्यायची विसरली, तर मावशीनं तिला सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सुनावलं. शेवटी इंदूचा सासरा रात्रीतून वारतो. मयताला आंघोळ घालायला घरात पाणी नाही. मावशी उठते, कुलूप काढते आणि अख्खं टिपाड मोकळं करते.

मला हा शेवट पटतो, कारण मी या बाईला ओळखते. (एक बाई नाही, तीन बायका मिळून एक केलीय.) वाचकाला पटत नाही म्हणजे मधे काहीतरी पेरायचं राहून गेलं. संपादकांचा सल्ला होता की आधी एखादा प्रसंग घाला, तिच्या पोटातल्या मायेची चाहूल लागू द्या. म्हणून चिमण्यांसाठी वाटीत पाणी ठेवणारी मावशी लिहून बघितली. वाचून माझी मलाच शिसारी आली.

आता तुम्हीच सांगा.

मोंढा (रविवार, रात्री ९:५८)

आधी ती चिमणी उडवून लावा.

निवृत्त मास्तर (रविवार, रात्री १०:२५)

ताई, याला पूर्वसूचन म्हणतात. आम्ही वर्गात शिकवताना रशियन लेखक चेखवच्या बंदुकीवरून सुरुवात करायचो. १८८९ साली त्यानं एका लेखकाला पत्रात लिहिलं होतं की, झाडायची नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये. आपण उलटं वाचू. शेवटी बार उडणार असेल तर बंदूक आधी दिसलेली असली पाहिजे. तुमच्या कथेत बार उडतो, बंदूक दिसत नाही.

आपल्याकडं शेतकरी हेच करतो की. टिटवीनं अंडी कुठं घातली, उंचावर की ओढ्यात, यावरून पावसाचा अदमास बांधतो. वाचक पण टिटवीची अंडी हुडकत असतो. ती ठेवा, म्हणजे झालं.

बाभूळबन (रविवार, रात्री ११:१०)

मास्तर, आदर ठेवून सांगतो, ही बंदूक या धाग्याच्या कामाची नाही. चेखव काटकसरीबद्दल बोलतोय, कथेत अडगळ नको म्हणून. बंदूक दिसली म्हणजे बार उडणार, एवढंच वाचकाला कळतं. कोण झाडणार, का झाडणार, झाडल्यावर हात थरथरणार की नाही, हे त्या बंदुकीला विचारून उपयोग नाही. ती भिंतीवर कोणी टांगली आणि तो ती दर रविवारी तेल लावून पुसतो का, हे मला सांगा. मग मला माणूस कळेल.

टिटवीचंही तेच. टिटवी पावसाचं सांगते, शेतकऱ्याचं नाही. टिटवीची अंडी बघून सुद्धा जो मृगाआधी धूळपेरणी करतो तो एक माणूस, आणि सगळ्या गावाची पेरणी उरकली तरी जो आभाळाकडं बघत बसतो तो दुसरा. पेरायची ती ही गोष्ट.

मी काही वर्षं जिल्हा पातळीवर कथास्पर्धेचं परीक्षण केलं. आपल्या भागातून येणाऱ्या निम्म्या कथांच्या पहिल्या परिच्छेदात गोठ्यातला दोर असतो, नाहीतर कोनाड्यात फवारणीच्या औषधाचा डबा. दुसऱ्या पानावर सावकाराची मोटारसायकल. दोर दिसला की मला शेवटचं पान वाचायची गरज उरत नाही. लिहिणाऱ्याला वाटतं आपण चाहूल दिली. खरं तर त्यानं एका माणसाचं मरण पहिल्याच ओळीत उरकून टाकलेलं असतं, आणि तो माणूस कसा होता हे बारा पानांत कुठंच नसतं. तो बाजारातून येताना काय घेऊन यायचा, कोणावर चिडायचा, पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलाशी काय बोलायचा, काही नाही. दोर तेवढा ठळक.

हे बोलायला कठोर आहे, कारण मरणं खरी आहेत. म्हणूनच जास्त राग येतो.

मोंढा (रविवार, रात्री ११:२२)

+१. दोरावर बंदी घाला.

नांदेड ते हिंजवडी (सोमवार, सकाळी ८:१५)

कंपनीच्या बसमधून लिहितोय, शुद्धलेखन पोटात घाला.

बाभूळबन म्हणतात त्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चोख उदाहरण अमेरिकी लेखिका फ्लॅनरी ओ'कॉनरच्या 'अ गुड मॅन इज हार्ड टू फाइंड' या कथेत आहे, १९५३ची. एक कुटुंब मोटारीनं सहलीला निघतं. सोबत आजी. बाकीचे साध्या कपड्यांत, आजी मात्र टोपी, हातमोजे, कॉलरला लेस, असा सगळा जामानिमा करून बसलेली. का, तर वाटेत अपघात झाला आणि रस्त्यावर कोणी तिला मेलेली बघितली, तर ही खानदानी बाई आहे हे बघणाऱ्याला लगेच कळावं.

पहिल्यांदा वाचताना हसू येतं. काय नखरेल म्हातारी, मेल्यावर लोक काय म्हणतील याची काळजी! पुढं खरंच अपघात होतो आणि तुरुंगातून पळालेला खुनी सगळ्यांना गोळ्या घालतो. म्हणजे त्या एका वाक्यात मरण सांगून टाकलेलं होतं. पण आपण ते मरण म्हणून वाचतच नाही, आजीचा स्वभाव म्हणून वाचतो. तिथंच लेखिका आपल्याला फसवते.

आणखी एक. तो अपघात काही आभाळातून येत नाही. आजीनं मुलाला न सांगता टोपलीत मांजर लपवून आणलेलं असतं. ती एका जुन्या घराची आठवण काढून गाडी आडवाटेला घ्यायला लावते. मग तिच्या लक्षात येतं की ते घर या राज्यात नव्हतंच, दुसऱ्या राज्यात होतं. ती दचकते, पाय हलतो, टोपली उलटते, मांजर गाडी चालवणाऱ्या मुलाच्या खांद्यावर. दिखाऊपणा, लपवाछपवी, आपलंच खरं करायची हौस, सगळं आजीचंच. कथा तिच्या स्वभावाच्या उतारावरून घरंगळत जाते, लेखिकेला ढकलावं लागत नाही.

तर ताई, मावशीच्या पोटात माया आहे हे दाखवायच्या मागं लागू नका. मावशीचं जे दिसतंय, तोच हिशेबीपणा, त्यातूनच शेवट निघतो का बघा.

तेरणाकाठ (सोमवार, दुपारी १:०५)

शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. हिशेबातून माया कशी निघणार, हे अजून कळत नाहीये, पण काहीतरी आहे खरं.

निवृत्त मास्तर (सोमवार, दुपारी ३:३०)

बंदूक मागे घेतली. बाभूळबनराव, तुमचा मुद्दा मान्य.

भर एवढीच, की शेवट आधी कळला म्हणून कथा पडते असं नाही. भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' शाळेत किती वर्षं शिकवली. टोमॅटो घेऊन बाजारात गेलेल्या बापाची गोष्ट. चिखल लाल होणार हे शीर्षकच सांगून टाकतं. तरी दरवर्षी शेवटी वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. पोरं चिखलाची वाट बघत नव्हती. भाव पडत जातो तसा बाप कसा होत जातो, ते बघत होती.

मोंढा (सोमवार, संध्याकाळी ७:४०)

मास्तर, ती कथा आमच्या धंद्याच्या विरोधात आहे, पण कबूल. आडतीवर बसून असे बाप रोज बघतो. भाव ऐकल्यावर जो भांडतो त्याची काळजी वाटत नाही. जो हिशेबाची पट्टी न वाचता घडी घालून खिशात ठेवतो आणि पोत्याचं सुतळीचं टोक बोटाला गुंडाळत बसतो, त्याला मी चहा पाजल्याशिवाय जाऊ देत नाही. हे कथेत येईल का माहीत नाही, माझ्या बाजूनं फुकट घ्या.

बाभूळबन (सोमवार, संध्याकाळी ७:५५)

सुतळीचं टोक! चाळीस पानांचं समीक्षण एकीकडं आणि हे एकीकडं.

येळवस (सोमवार, रात्री ९:३०)

पहिल्यांदाच लिहिलालो इथं, सांभाळून घ्या. औसा तालुका. ताई, पूर्ण कथा वाचायला मिळंल का? सारांशावरून बोलणं म्हणजे न चाखता आंबिलीला मीठ सांगणं.

तेरणाकाठ (सोमवार, रात्री ९:४५)

चौघांना कथा व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलीय. अजून कोणाला हवी असल्यास सांगा. झोडपायचं तर इथंच झोडपा, व्यनित नको.

ठाण्याची सून (सोमवार, रात्री ११:५०)

मलाही पाठवा. माहेर उदगीर, सासर ठाणे, त्यामुळे दोन्हीकडून वाचेन.

मोंढा (मंगळवार, सकाळी ७:२०)

वाचली. आधी बारीकसारीक. तुम्ही पाण्याची रेल्वे मार्चमध्ये आणलीय. पहिली गाडी मिरजेहून आली ती १२ एप्रिल २०१६ला, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पन्नास वाघिणींची त्यानंतर आठवडाभरानं. मी स्टेशनवर बघायला गेलो होतो, निम्मं लातूर गेलं होतं. मार्चमध्ये नुसती जमावबंदी होती, गाडी नव्हती. इथले वाचक हे सोडणार नाहीत.

दुसरं, किल्लारीची दोन पानं वाचताना मी घड्याळ बघितलं. माफ करा.

तेरणाकाठ (मंगळवार, सकाळी ७:४१)

तारखेबद्दल आभार, सुधारते. किल्लारीबद्दल सगळ्यांनी वाचून झाल्यावर बोलू. तो माझा जीव आहे.

नांदेड ते हिंजवडी (मंगळवार, सकाळी ८:२५)

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: पान तीन ते पाच, मावशी रात्री टिपाडाजवळ बसून भूकंप आठवते. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जन करून गाव झोपलं, पहाटे ३:५६. नवरा आणि दोन लेकरं ढिगाऱ्याखाली. सामुदायिक चिता, अंघोळ घालायला ना पाणी, ना वेळ, ना ओळख पटवणारं माणूस. म्हणून पुढं इंदूच्या सासऱ्याला ती पाणी देते.

लिहिलंय चांगलं. पण हे कारण झालं, चाहूल नाही झाली. कथेनं थांबून वाचकाच्या हातात पावती दिली: शेवटी बाई अशी वागली तर ही बघून घ्या. पावती दिली म्हणून शेवट पटत नाही, उलट माणूस संशयानं बघतो.

बाभूळबन (मंगळवार, सकाळी १०:००)

सहमत, आणि थोडं पुढं जाऊन. माणूस असा का वागला, याला एकच उत्तर असलं की तो माणूस राहत नाही, उदाहरण होतो. किल्लारीनं शेकडो बायकांना एकटं केलं. त्यातली प्रत्येक टिपाड मोकळं करणार नाही. कोणी आणखी मोठं कुलूप लावेल. मग मावशीच का? भूकंप हे सांगू शकत नाही. सवय सांगू शकते.

दोन पानं काढा.

तेरणाकाठ (मंगळवार, सकाळी १०:३०)

काढा म्हणणं सोपं आहे. कथा तिथूनच सुरू झाली माझी. ती काढली तर उरतं काय? एक कंजूष म्हातारी आणि एक टिपाड. आणि लातूरच्या त्या वयाच्या बाईवर लिहायचं नि भूकंपाचा उल्लेखही नाही, हे मला खोटं वाटतं.

(थोडी चिडलेय, खरं सांगायचं तर.)

येळवस (मंगळवार, रात्री १०:१५)

दिवसभर ऊस होता, आता वाचली. दोनदा.

भूकंपात मी आठ वर्षांचा होतो. आमचं गाव वाचलं, भिंती गेल्या, माणसं राहिली. आईबद्दल सांगतो. तेव्हापासून आई रात्री दाराला आतून कडी लावत नाही. नुसतं लोटून घेती. चपला उशाशी, बाहेरच्या बाजूला तोंड करून. पक्कं घर झालं, लोखंडी दार झालं, शेजारी चोरी झाली, भावानं आदळआपट केली, तरी कडी नाही. त्या रात्री कित्येकांना आतली कडी काढायला वेळ मिळाला नाही, हे तिच्या डोक्यातून जात नाही. ती कधी बोलत नाही यावर. विचारलं तर म्हणती, "गरम होतंय."

आता ताई, तुमचं पान सात उघडा. इंदू रात्री हाक मारायला येती तिथं तुम्हीच लिहिलंय: "इंदूनं दार ढकललं, ते नेहमीसारखं नुसतंच लोटलेलं होतं." लिहिलंय आणि पुढं गेलाव. मी तिथंच थांबलो.

टिपाडाला कुलूप घालणारी बाई घराला कडी घालत नाही!

तुमची दोन पानं त्या एका ओळीत आहेत. ती उचलून पहिल्या परिच्छेदात नेऊन ठेवा, कुलपाच्या शेजारी. आणि कारण सांगू नका. माझी आई पण सांगत नाही.

मोंढा (मंगळवार, रात्री १०:२१)

अंगावर काटा आला राव.

निवृत्त मास्तर (मंगळवार, रात्री १०:५०)

नमस्कार करतो तुम्हाला, येळवस. आणि तुमच्या मातोश्रींना.

तेरणाकाठ (मंगळवार, रात्री ११:३५)

मला माहीतच नव्हतं की मी हे लिहिलंय. शप्पथ. 'नेहमीसारखं' हा शब्द माझ्या हातून कसा पडला, आठवत नाही. आजी पण कडी लावत नव्हती आमची, त्यामुळे मला ते वेगळं वाटलंच नसणार.

म्हणजे चाहूल मी आणून घालायची नव्हती, माझ्याच कथेत हुडकायची होती?

नांदेड ते हिंजवडी (बुधवार, सकाळी ८:१२)

बहुतेक वेळा तसंच होतं. पहिल्या खर्ड्यात हात आपोआप काही खरं लिहून जातो, कारण त्याला पात्र माहीत असतं. दुसऱ्या खर्ड्यात आपण नुसतं ते योग्य जागी उचलून ठेवायचं. कथेत दुबार पेरणी चालते. शेतात परवडत नाही, एवढाच फरक.

बाभूळबन (बुधवार, सकाळी ११:४५)

उत्सवात मिठाचा खडा टाकतो. कडी न लावणं लातूर-धाराशिवच्या वाचकाला कळेल. कोल्हापूरच्या, मुंबईच्या वाचकाला त्यात भूकंप दिसणार नाही. मग त्याच्यापुरती ती ओळ मुकी. दोन पानं काढा म्हणणारा मीच, पण एक शब्दाचा इशारा तरी हवा, नाहीतर आपण आपल्यापुरतंच लिहितोय.

ठाण्याची सून (बुधवार, दुपारी २:२०)

दुपारची वेळ, पोरगी झोपलीय, निवांत लिहिते.

बाभूळबन, मी प्रयोग केला. नवऱ्याला (पक्का ठाणेकर, किल्लारी म्हणजे फक्त पुस्तकातला धडा) पहिला परिच्छेद येळवस म्हणतात तसा करून वाचून दाखवला. विचारलं, कशी वाटते बाई? म्हणाला, "हिला चोराची भीती नाही. स्वतःचं काही जाईल असं तिला वाटत नाही. फक्त पाण्याला जपते." भूकंप त्याच्या ध्यानीमनी नाही. पण बाई बरोबर कळली! औशाच्या वाचकाला खालचा थर दिसेल, ठाण्याच्या वाचकाला वरचा, आणि दोन्ही थरांत बाई एकच. अजून काय हवं?

आता माझा मुद्दा. तिच्या हिशेबाबद्दल तुम्ही सगळे पुरुष एकाच बाजूनं बोलताय. हिशेबी बायका दोन जातीच्या असतात. एक, लोकांकडून काय यायचंय ते लक्षात ठेवणारी. दुसरी, आपल्याला काय द्यायचंय ते. उदगीरला आमच्या वाड्यात दुसऱ्या जातीची एक काकू होती. वाटीभर साखर उसनी नेली तर परत आणताना शीग लावून आणायची. शीग म्हणजे काठोकाठ नाही, काठावर डोंगर. आई म्हणायची, अहो एवढी कशाला, सपाट वाटी दिली होती मी. तर काकू म्हणायची, "तुमचं माझ्याकडं राहायला नको." प्रेमानं नाही हं, जवळजवळ तुटकपणे. लहानपणी मला ती गर्विष्ठ वाटायची.

मावशी यातली कुठली, ते तुमच्या कथेत कळत नाही. ती दुसऱ्या जातीची असेल, तर पहिल्या पानावर तिला एक वाटी परत करू द्या. शीग लावून. इंदूलाच. इंदूला तो अपमान वाटू द्या. वाचकालाही तेव्हा तिचा तोराच वाटू दे. आजीच्या हातमोज्यांसारखं.

नांदेड ते हिंजवडी (बुधवार, दुपारी २:४१)

मीटिंगमधून: हेच, हेच, हेच.

मोंढा (बुधवार, संध्याकाळी ६:३०)

शीग! आडतीवर मापाची शीग गेली, काटा आला. कित्येक वर्षांनी शब्द ऐकला. ताई, वाटी साखरेची नको, ज्वारीच्या पिठाची घ्या. शीग पिठाची छान उभी राहते.

निवृत्त मास्तर (बुधवार, रात्री ८:००)

शंका. कुलूप, कडी, खडू, शीग. पहिल्याच परिच्छेदात चार वस्तू. पेरणी दाट होत नाही ना? विरळणी करावी लागेल.

बाभूळबन (बुधवार, रात्री ८:३५)

मास्तर बरोबर बोलले. माझं मत, कडी काढा. येळवस, वाईट वाटून घेऊ नका, ओळ सुंदर आहे. पण कडीत किल्लारी आहे आणि शिगेत स्वभाव आहे. शेवट शिगेतून निघतो.

येळवस (बुधवार, रात्री १०:०५)

वाईट कशाला. पण मी कडी काढू देणार नाही. शेवट शिगेतून निघत असंल, पण इंदू रात्री येती कुठून? दारातून. दार लोटलेलं आहे म्हणून येती. कडी असती तर दार वाजवायला लागलं असतं, आणि त्या दिवशी भांडण झाल्यावर इंदूनं दार वाजवलं असतं का? मला नाही वाटत. परत गेली असती.

ठाण्याची सून (बुधवार, रात्री १०:२०)

येळवस, तुम्ही कथा का लिहीत नाही?

येळवस (बुधवार, रात्री १०:२२)

कारखान्याचं बिल आलं की बघू.

तेरणाकाठ (शुक्रवार, रात्री ११:१५)

दोन दिवस गप्प होते, लिहीत होते. किल्लारीची दोन पानं काढली. वेगळ्या फायलीत ठेवलीत, फेकवली नाहीत. नवा पहिला परिच्छेद:

"गोदामावशीच्या टिपाडाला कुलूप होतं आणि घराला कडी नव्हती. म्हणजे कडी होती, गंजून जागच्या जागी बसलेली. दार रात्री नुसतं लोटलेलं असायचं. गल्लीतली पोरं म्हणायची, मावशीकडं चोरण्यासारखं एकच आहे आणि ते बाहेर आहे. इंदूकडून नेलेली पिठाची वाटी तिनं दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत परत केली, शीग लावून, पदरानं झाकून. 'सपाट दिली होती मी,' इंदू म्हणाली. 'मला माहीत आहे,' मावशी म्हणाली, आणि पीठ सांडू नये म्हणून वाटी ओट्यावर ठेवून निघाली. जाताना भिंतीवर इंदूच्या नावाखालची रेघ बघून घेतली. ती अजून होती."

खडू नुसता रेघेत ठेवलाय, मास्तर. एवढीच विरळणी जमली.

आता शेवटाकडं अडकलेय. आधी शेवटी मावशी पाणी देऊन घरात जाते, बस. आता सकाळ दाखवावीशी वाटते. भिंत दाखवावीशी वाटते. पण भिंतीवर काय?

मोंढा (शुक्रवार, रात्री ११:२८)

इंदूची जुनी रेघ पुसलेली दाखवा. डोळ्यात पाणी येईल लोकांच्या.

बाभूळबन (शुक्रवार, रात्री ११:३१)

म्हणूनच नको. चिमणी परत आली बघा.

ठाण्याची सून (शनिवार, सकाळी ६:५०)

रात्रभर हेच डोक्यात. पुसू नका. उलट, तिनं नव्या रेघा ओढलेल्या असू द्या, जेवढ्या घागरी दिल्या तेवढ्या, इंदूच्या नावाखाली.

निवृत्त मास्तर (शनिवार, सकाळी ७:३०)

सूनबाई, मयताच्या पाण्याचा हिशेब? वाचक मावशीला शिव्या देईल. सुतक असलेल्या घराच्या नावानं रेघा?

ठाण्याची सून (शनिवार, सकाळी ९:१०)

देऊ द्या शिव्या, क्षणभर. मग त्याला वाटी आठवेल. जी बाई कोणाचं चमचाभर पीठ आपल्याकडं राहू देत नाही, तिला उपकाराचं ओझं म्हणजे काय हे माहीत आहे. ती ते इंदूच्या डोक्यावर ठेवेल का? रेघा नसतील तर इंदू जन्मभर मान खाली घालून जाईल तिच्या दारावरून. रेघा असतील तर इंदू पाऊस पडल्यावर घागरी परत करेल आणि पुन्हा तोंड वर करून भांडेल. मावशीला भांडणारी शेजारीण हवीय.

येळवस (शनिवार, सकाळी ९:४०)

आमची आई असंच करंल.

बाभूळबन (शनिवार, सकाळी १०:०५)

मान्य. कडीबद्दलही थोडं मान्य. थोडंच.

निवृत्त मास्तर (शनिवार, सकाळी १०:४०)

मला अजून रुचत नाही. पण मी शेवट विसरणार नाही, हेही खरं.

तेरणाकाठ (शनिवार, दुपारी १२:१५)

रेघा ओढते. किती? टिपाड त्या संध्याकाळीच टँकरवरून भरलेलं, काठोकाठ. मोंढासाहेब, मापाचे मानकरी तुम्ही.

मोंढा (शनिवार, दुपारी १२:२६)

दोनशे लिटरचं टिपाड, पंधरा लिटरची घागर. तेरा भरतात. पाच लिटर उरतं वर.

तेरणाकाठ (शनिवार, दुपारी १२:३०)

तेरा रेघा. वरच्या पाच लिटरची रेघ ओढत नाही ती.

ठाण्याची सून (शनिवार, दुपारी १२:३१)

शीग.